कुंभवलीचा केवडा

पुंडलिकच्या केवड्याला कणीस आलं ही बातमी चिंचणीला पोचली तेव्हा तात्या दाढी करत होते. साबण न लागलेल्या कानाला त्यांनी फोन लावला, ऐकून घेतलं, "बरं" म्हणाले आणि उरलेला गाल पूर्ण करूनच बायकोला हाक मारली. मोठी बातमी सांगायची त्यांची हीच रीत होती. आप्पा, म्हणजे त्यांचे वडील, गेले तेव्हाही त्यांनी आधी म्हशीची धार काढून घेतली होती.

"पुंडलिकाकडे केवडा फुलला," ते म्हणाले.

आनंदीबाई तांदूळ निवडत होत्या. त्यांचा हात सुपात तसाच राहिला.

"कोण म्हणालं?"

"तोच."

"भाऊजींना पहिल्यापासून घाई. बघितल्याबिगर काय खरं नाय."

"मग बघायलाच जायचंय. नीलेश गाडी घेऊन येतोय."

"मी कशाला?"

"तू घरातली मोठी सून. आप्पा असते तर तुलाच पुढे घातलं असतं."

तात्यांनी हे सहज म्हटलं. त्यांना आयुष्यात जे काही लागट बोलता आलं ते सगळं असं सहजच आलं होतं. आनंदीबाई उठल्या आणि लुगडं बदलायला आत गेल्या, त्या अर्धा तास बाहेर आल्या नाहीत.

या घरचा गणपती घरच्या केवड्यावाचून बसत नाही. विकतचं कणीस चालत नाही, शेजाऱ्याचं तर मुळीच नाही. चिंचणीच्या वाडीत बावखल होतं, म्हणजे पावसाचं पाणी धरणारं लहानसं तळं, आणि त्याच्या काठाने केवड्याचं बन. तेवीस वर्षांपूर्वी तात्यांचा धाकटा भाऊ पुंडलिक एका कारखान्यात कायम झाला, वाडी सोडून कुंभवलीला दोन खोल्या बांधून राहिला, तेव्हा आप्पांनी त्याच्या वाट्याचं सगळं दिलं. गणपतीचं विचारल्यावर मात्र ते म्हणाले, "बावखलाकाठच्या केवड्याचं एक पिलू घेऊन जा, तिकडे लाव. ज्या वर्षी फुलेल त्या वर्षापासून गणपती एक साल तुझ्याकडे, एक साल इथे. कारखान्यांच्या गावात केवडा फुलवलास तर मी तुला मानीन." त्यानंतर पावसाळा संपायच्या आत आप्पा गेले, आणि मानायचं तेवढं राहून गेलं.

तेवीस वर्षं केवडा फुलला नाही. दर गणपतीला पुंडलिक चिंचणीला पाहुण्यासारखा यायचा, पंगतीत टोकाला बसायचा आणि आरती झाली की निघायचा.

* * *

तात्यांचा मुलगा नीलेश पालघरहून आला तो बायकोला घेऊनच. किंजलने गाडीत बसताना पर्समध्ये कुंकवाची डबी ठेवली होती. एरवी ती कुंकवाची डबी बरोबर घेऊन फिरणाऱ्यांतली नव्हती.

"काय गं, एवढी तयारी?"

"फुलाची पूजा करायला नको? पहिलं कणीस आहे."

नीलेशने हसून गाडी चालू केली, कारण त्याच्या मनातही तेच होतं. गेली अकरा वर्षं किंजल गणपतीत पाच दिवस रजा टाकून चिंचणीला जात होती आणि सहाव्या दिवशी तिची कंबर डॉक्टरला दाखवावी लागत होती. चाळीस पानं उठायची. केटरर म्हटलं की तात्या सुतक असल्यासारखे बघायचे. आता वर्षाआड तरी सुटका होणार होती. ज्याच्या घरी मान आहे त्याला तो द्यायचाय आणि ज्याच्या घरी नाही त्याला तो हवाय, असा योग कुठल्याही घराण्यात सहसा येत नाही, त्यामुळे नीलेशला थोडी भीतीच वाटत होती.

चिंचणीहून निघताना भागीही गाडीत बसली. ती चाळीस वर्षं वाडीत खपलेली वारली बाई. तिची लेक कुंभवलीला दिली होती, म्हणून ती म्हणाली, "मला बी सोड तिकडं." आनंदीबाई चटकन म्हणाल्या, "गाडीत जागा नाय, भागी." जागा होती. भागीने ती बघितली आणि बसली.

रस्ताभर आनंदीबाई खिडकीबाहेर बघत होत्या. तात्या पुढे बसून समोरून येणाऱ्या प्रत्येक टँकरला "येडा हाय" म्हणत होते.

* * *

तेजलने सकाळपासून दोनदा कप विसळून ठेवले होते. ती पुंडलिकची सून. नवरा कारखान्यात पाळीवर गेला होता आणि घरात ती आणि सासरे. सासऱ्यांनी पहाटे मागचं अंगण झाडलं, मोरीच्या पाण्याचा पाट साफ केला आणि केवड्याच्या खालच्या फांदीवर आपलं धुतलेलं धोतर टाकलं, दृष्ट लागू नये म्हणून.

लग्न होऊन ती या घरात आली तेव्हा तिला आधी केवडा दाखवण्यात आला होता, मग देवघर. केवड्याला पाय ओले लागतात पण सडके नाही, हे तिला पहिल्याच आठवड्यात पाठ झालं. न्हाणीचं पाणी पाटाने केवड्याला जायचं, पण साबणाचं पाणी आलं की पुंडलिक मध्ये फरशी टाकून ते वळवायचा. इथल्या मातीवर त्याचा भरवसा नव्हता, म्हणून बावखलातला चिखल गोण्यांत भरून स्कूटरवरून आणलेला. दांडी गावाहून मासळीची कुटी, म्हणजे सुक्या मासळीचा चुरा, आणून त्याने बुंध्याशी पुरली होती. शेजाऱ्यांनी तक्रार केली नाही. कुंभवलीत वासाची तक्रार करायची तर आधी तो कोणाचा हे ठरवावं लागतं.

केवडा अंगाने झकास वाढला होता. दोन पुरुष उंच, खाली पारंब्यांसारखी मुळं, पानांच्या कडांना काटे. फक्त फुलायचा नाही. "आप्पांचा राग हाय," पुंडलिक म्हणायचा. हे तो इतक्या साधेपणाने म्हणायचा की तेजलला पहिली दोन वर्षं वाटत होतं, आप्पा जिवंत आहेत आणि चिंचणीला राहतात.

पाहुणे आले. चहा झाला. भागी लेकीकडे न जाता मागच्या पायरीवर बसली आणि तिने कमरेची तंबाखूची चंची काढली. कप खाली ठेवून तात्या म्हणाले, "चल, दाखव."

पुंडलिक पुढे झाला. त्याने धोतराची दोन टोकं धरली, एकदा आभाळाकडे बघितलं आणि धोतर ओढलं. ते काट्यांत अडकलं. मग पाच मिनिटं नीलेश आणि तो मिळून धोतर सोडवत होते. शेवटी ते फाटलं.

पानांच्या मधोमध, पांढुरक्या पात्यांच्या खळग्यात, नारळाएवढा हिरवा गोळा होता. खवलेदार, गच्च. वास कसलाच नव्हता.

तात्या वाकून जवळ गेले.

"कणीस कुठाय?" तात्यांनी विचारलं.

"हेच."

"हे कणीस नाय."

"अजून उमललं नाय, दादा. आतून येईल. पांढरी पाती बघ ना बाजूला."

"अननस वाटतोय," किंजल म्हणाली आणि लगेच तिने जीभ चावली.

"मी सत्तर वर्षं केवडा बघतोय," तात्या म्हणाले. "कणीस लांब असतं, पिवळं असतं, आणि गल्लीच्या तोंडाशी वास येतो. हा फणस हाय."

पुंडलिकच्या चेहऱ्याकडे तेजलला बघवेना. सहासष्ट वर्षांचा माणूस हातात फाटकं धोतर घेऊन उभा होता. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. तिला वाटलं, आत जाऊन परत चहा टाकावा, साखर जास्त घालून. पण पाय निघेना.

तेवढ्यात पायरीवरून भागी म्हणाली, "बाई हाय ती."

सगळे वळले.

"कोण बाई?"

"ते झाड. केवड्यात बाई असते नि बाप्या असतो. बाप्याला कणीस. बाईला कणीस नाय येत, पोर येतं. हे पोर हाय." तिने तंबाखू तळहातावर मळला. "पानं कापाया गेलं का आमाला ठावं पडतं. तुमी फकस्त कणसं तोडता, तुमाला कसं ठावं पडेल?"

नीलेशने मोबाईल काढला, थोडा वेळ बघितलं आणि हलकेच म्हणाला, "बरोबर आहे काका. नर आणि मादी झाड वेगळं असतं. वासाचं कणीस फक्त नराला."

"चिंचणीला सगळ्या झाडांना कणसं येतात," तात्या म्हणाले.

"एक सोडून," भागी म्हणाली. "बावखलाच्या पल्याडच्या कोपऱ्यात एक बाई होती. तिचंच पिलू ह्ये. मीच काढलेलं. तवाच सांगितलेलं मी आनंदीबायला, का ही बाई हाय, हिला कणीस येयाचं नाय. त्या बोलल्या, हेच काढ."

आणि तिने तंबाखू तोंडात टाकला. तिच्या दृष्टीने विषय संपला होता.

* * *

आनंदीबाईंना वाटलं होतं की हा दिवस आला तर आपण खाली कोसळू. तसं काही झालं नाही. गुडघे नेहमीइतकेच दुखत होते.

"आनंदी?" तात्या म्हणाले.

"हो," त्या म्हणाल्या. "मीच काढायला सांगितलं."

"तुला ठावं होतं?"

"भागी सांगत होती, मी ऐकत होते. बहिरी नव्हते."

किंजलने नवऱ्याचा हात धरला. पुंडलिक धोतरात अडकलेले काटे काढत होता. तो बोलला असता तर बरं झालं असतं असं आनंदीबाईंना वाटलं, म्हणून मग त्याच बोलू लागल्या.

"लग्न होऊन आले त्या घरात. वर्षाचे तीनशेसाठ दिवस मला कोण इचारायचं? आप्पा इचारायचे नाय, हे तर अजून नाय इचारत. गणपतीचे पाच दिवस मात्र सगळे आनंदी, आनंदी. मीठ कुठं, समई कुठं, मोदक किती, नैवेद्याला उशीर का. चाळीस माणसं माझ्या नावाने हाका मारायची. त्यात शालिनी आलेली धाकटी जाऊ, हाताला चव, तोंडाला गोड. गणपती वर्षाआड तिच्याकडे गेला तर दोन वर्षांत मला पाच दिवस. मला नाय सोसलं. म्हटलं, हेच पिलू काढ."

तात्या बायकोकडे नवीन माणूस बघावा तसे बघत होते.

"वहिनी," पुंडलिक शेवटी म्हणाला, "दरवर्षी पंगतीत तुमी मला इचारायच्या, भाऊजी, आलं का कणीस?"

"इचारायची."

"ठावं असून?"

"नाय इचारलं असतं तर तुमाला संशय आला असता."

पुंडलिक खाली बसला, ओल्या पाटाच्या कडेलाच. हातातल्या फाटक्या धोतराचं टोक त्या पाण्यात भिजत होतं. एरवी त्या पाण्यात कोणी चप्पल घातली तरी तो ओरडायचा.

"मी समजत होतो आप्पांनी माफ नाय केलं," तो म्हणाला. "वाडी सोडली म्हणून. दर पावसाळ्यात मी या झाडाफुडं हात जोडून उभा राहायचो. शालिनी शेवटी दवाखान्यात होती, तवा पण बोलली, एकदा आपल्या घरी बसूदे गणपती, मग नेऊदे देवाला काय न्यायचं ते. गणपती नाय बसला. तिला नेलं. मी म्हटलं, हा पण आप्पांचाच राग." त्याने भागीकडे बघितलं. "म्हंजे आप्पा रागावलेले नव्हते?"

"आप्पाला काय ठावं," भागी म्हणाली, "झाड बाई हाय का बाप्या."

आनंदीबाईंना तेव्हा रडू आलं असतं, पण इथे रडायचा हक्क आपला नाही एवढं त्यांना कळत होतं.

* * *

तात्यांनी निकाल द्यायचा ठरवला. ते निकाल देताना घसा खाकरायचे, तसा खाकरला.

"तेवीस सालांतली अर्धी तुझी. म्हंजे साडेअकरा. बारा धर. या सालापासून बारा वर्षं गणपती कुंभवलीला."

किंजलने श्वास रोखला. बारा वर्षं! तिच्या कंबरेला ऐकू गेलं असतं तर ती तिथेच सरळ झाली असती.

"नको," पुंडलिक म्हणाला.

"का?"

"आप्पांचा शब्द होता, फुलला तर. हा फुलला नाय. मला दान नको, दादा."

पुंडलिक वडिलांसारखाच होता. घरातल्या सगळ्यांना हे माहीत होतं, फक्त त्याला आणि आप्पांना कधी पटलं नाही. आता तात्यांनीही मान हलवली, कारण शब्द म्हणजे शब्द. दोघे भाऊ एका बाजूला झाले आणि गणपती परत चिंचणीच्या वाटेला लागला. किंजलला ते स्पष्ट दिसत होतं.

तिने तेजलकडे बघितलं. तेजलने तिच्याकडे. दोघींचं कधी फार जमलं नव्हतं.

"काका," किंजल म्हणाली, "एक विचारू? फुलल्याशिवाय फळ येतं का?"

दोघा भावांनी एकदमच तिच्याकडे बघितलं.

"नाही, मला शेतीतलं कळत नाही. पण फळ आलंय म्हणजे आधी फूल आलंच असणार ना. वास नसेल, पिवळं नसेल. आप्पा वासाचं बोलले होते की फुलण्याचं?"

"फुलण्याचं," तेजल चटकन म्हणाली. "पप्पा, तुम्हीच सांगता नेहमी. फुलेल त्या वर्षापासून. असंच म्हणाले होते."

तात्यांनी पुन्हा घसा खाकरला. आप्पांचा शब्द त्यांनी मनात उलटा करून बघितला, सुलटा करून बघितला. त्यात वास नव्हता.

"म्हंजे फुलला," ते म्हणाले.

आनंदाने कोणी काही बोलायच्या आधी नीलेशचं लक्ष काकांकडे गेलं. पुंडलिक बोटांवर काहीतरी मोजत होता.

"काय झालं, काका?"

"याच्याआधी पण आलेल्या," पुंडलिक म्हणाला. "अशाच गाठी. बारीक असायच्या, लिंबाएवढ्या. मला वाटलं रोग हाय. कणसाला जागा मिळूदे म्हणून मी कोयत्याने छाटायचो. हळदीचं पाणी लावायचो वरून." तो थांबला. "आठ वेळा. नाय, नऊ. शालिनी असताना पाच."

मोरीतलं पाणी पाटातून वाहत होतं.

"ती असताना पाच वेळा फुलला होता," तो म्हणाला. "मीच कापला."

भागीने तोंडातला तंबाखू कोपऱ्यात थुंकला.

आनंदीबाई पुढे आल्या. पाटाशी बसणं त्यांच्या गुडघ्यांना शक्य नव्हतं, म्हणून त्या दिराच्या बाजूला नुसत्या उभ्या राहिल्या. "मी सांगितलं असतं तर तुमी कापला नसता, भाऊजी," त्या म्हणाल्या. "ते कोयत्याचं पण माझंच."

"कोयता माझ्या हातात होता."

"हातात असूदे."

पुंडलिक त्या हिरव्या गोळ्याकडे बघत राहिला. तो रडत होता, पण तोंड नेहमीसारखंच ठेवून. मग त्याने फाटक्या धोतराने डोळे पुसले आणि उठून उभा राहिला.

"या साली गणपती इथे बसेल," तो म्हणाला. "पुढच्या साली चिंचणीला. बारा-बिरा काय नाय. आप्पा बोलले तसं."

"बसूदे की," तात्या म्हणाले. त्यांच्या आवाजात सुटका होती. त्यांनाही दरसालची चाळीस पानं झेपत नव्हती, हे त्यांनी कोणाला सांगितलं नव्हतं.

"आणि वहिनी, तुमी आदल्या दिवशी याल. मोदक तेजलला नाय जमत, फुटतात."

तेजलचे मोदक फुटत नव्हते. तिने मान डोलावली.

"मी येऊ?" आनंदीबाईंनी विचारलं.

"याल. पण त्याच्याआधी एक. गणपती येणार हे शालिनीला सांगायला पायजे. तिचा फोटो आत हाय. मी नाय सांगणार." त्याने वहिनीच्या तोंडाकडे बघितलं नाही. "तुमी सांगा."

आनंदीबाई घरात गेल्या. बाहेर नीलेशने तात्यांना खुर्ची दिली, किंजलने डबी उघडून त्या हिरव्या गोळ्याला कुंकू लावलं आणि तिच्या बोटाला काटा लागला. तेजल पाण्याची घागर भरायच्या निमित्ताने स्वयंपाकघरात आली. मधल्या खोलीतून आवाज येत नव्हता. तिने डोकावून बघितलं.

आनंदीबाई फोटोसमोर उभ्या होत्या. पदर डोक्यावरून घेतलेला, जावेपुढे नाही, एखाद्या मोठ्या माणसापुढे घ्यावा तसा. त्यांनी दोनदा तोंड उघडलं आणि दोनदा मिटलं. तेजलला वाटलं, त्यांना नाही जमायचं, आपणच जाऊन सांगावं.

मग त्या म्हणाल्या, "शालिनी, या साली गणपती तुझ्याकडे येतोय गं. उशीर माझ्यामुळे झाला."